सगळ्यांनी मास्क लावल्याने विषाणूचा फैलाव खरेच कमी होतो का?

घरात कोणाला सर्दी-खोकला झाला, बातम्यांमध्ये नव्या व्हेरियंटचे नाव आले किंवा घरातल्या एखाद्याची केमोथेरपी सुरू झाली, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, मास्क लावायचा का? आणि त्याचा खरंच काही उपयोग होतो का?"

कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी मास्क लावला, त्यामुळे या प्रश्नावर प्रत्येकाचे स्वतःचे मत तयार आहे. कोणी म्हणते, "मी शेवटपर्यंत मास्क सोडला नाही, म्हणून वाचलो." कोणी म्हणते, "दोन वर्षे तोंड बांधून फिरलो, तरी घरात सगळ्यांना झालाच." दोघांचाही अनुभव खरा आहे. पण एका माणसाच्या किंवा एका घराच्या अनुभवावरून मास्कचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी विषाणू पसरतो कसा, मास्क नेमके काय अडवतो आणि हजारो लोकांवर केलेल्या अभ्यासांत काय दिसले, हे पाहावे लागते. या लेखात आपण तेच पाहणार आहोत.

थोडक्यात उत्तर

• बऱ्याच लोकांनी, योग्य ठिकाणी, नाक आणि तोंड दोन्ही झाकून मास्क लावला, तर श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूचा फैलाव कमी होतो.
• ही घट मध्यम असते. मास्क म्हणजे अभेद्य कवच नाही.
• सर्वांत जास्त उपयोग बाधित व्यक्तीने मास्क लावल्याने होतो.
• साध्या कापडी मास्कपेक्षा सर्जिकल मास्क चांगला आणि त्याहून घट्ट बसणारा एन-९५ चांगला.
• बंद, गर्दीच्या आणि हवा खेळती नसलेल्या जागेत मास्कचा उपयोग जास्त असतो. मोकळ्या मैदानात तो फार कमी असतो.

विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो?

आपण खोकतो, शिंकतो, बोलतो, गातो किंवा नुसता श्वास सोडतो, तेव्हा नाका-तोंडातून बारीक तुषार बाहेर पडतात. यातले काही डोळ्यांना दिसतील एवढे मोठे असतात. ते जड असल्यामुळे एक-दोन मीटरच्या आतच खाली पडतात. पण बरेचसे तुषार इतके सूक्ष्म असतात की ते हवेत तरंगत राहतात. उदबत्तीचा धूर आठवा. उदबत्ती देवघरात लावली तरी थोड्या वेळात वास सगळ्या घरात पसरतो. खिडक्या बंद असतील तर तो बराच वेळ टिकतो आणि उघड्या असतील तर लवकर विरतो. सूक्ष्म तुषारांचेही साधारण असेच आहे.

बाधित माणसाच्या तुषारांमध्ये विषाणू असतात. दुसऱ्याने ती हवा श्वासात घेतली, तर विषाणू त्याच्या नाका-घशात पोहोचतो. किती विषाणू आत गेले, किती वेळ ती हवा श्वासात घेतली आणि त्या व्यक्तीची प्रतिकारशक्ती कशी आहे, यावर लागण होणार की नाही हे ठरते.

कोविडच्या विषाणूच्या बाबतीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. लक्षणे सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस विषाणू पसरवू शकतो. काहींना तर लक्षणे येतच नाहीत, तरीही त्यांच्यापासून इतरांना लागण होते. म्हणजे "मला काही होत नाही, मग मी मास्क कशाला लावू?" असे म्हणणारी व्यक्ती त्याच दिवशी नकळत कोणाला तरी आजार देत असू शकते. 'फक्त आजारी लोकांनी मास्क लावावा' हा नियम कोविडच्या साथीत अपुरा पडला, तो यामुळेच. आजारी कोण आहे हे आधी कळत नसेल, तर गर्दीच्या जागी सगळ्यांनी लावणे एवढाच मार्ग उरतो.

"विषाणू तर मास्कच्या छिद्रांपेक्षा लहान असतो, मग तो अडेल कसा?"

ही शंका अगदी रास्त आहे. कोविडचा विषाणू सुमारे ०.१ मायक्रॉन आकाराचा असतो. म्हणजे दहा हजार विषाणू एका ओळीत ठेवले, तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. मास्कच्या धाग्यांमधली जागा याहून मोठी असते. मग "डास अडवायला कुंपणाची तार लावली" असे होत नाही का?

होत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे विषाणू हवेत एकटा, सुटा फिरत नाही. तो लाळेच्या किंवा शेंबडाच्या तुषारात गुंडाळलेला असतो आणि हा तुषार विषाणूपेक्षा बराच मोठा असतो. तोंडातून बाहेर पडताक्षणी तुषार सर्वांत मोठा आणि ओला असतो. नंतर हवेत त्यातले पाणी उडते आणि तो लहान होतो. म्हणून त्याला उगमापाशीच, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडासमोरच अडवणे सोपे असते.

दुसरे कारण म्हणजे मास्क चाळणीसारखा काम करत नाही. चाळणीत मोठा कण अडतो आणि लहान खाली पडतो. मास्कमध्ये मात्र धाग्यांचे गुंतागुंतीचे जाळे असते आणि हवेला त्यातून वळणे घेत जावे लागते. जड कणांना वळण घेता येत नाही, ते धाग्यावर आपटून चिकटतात. मधल्या आकाराचे कण धाग्याला घासून अडकतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला लागतातच. शिवाय चांगल्या सर्जिकल आणि एन-९५ मास्कच्या मधल्या थरावर स्थिर विद्युतभार असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, तसा हा थर कणांना ओढून घेतो.

एक विशेष गोष्ट सांगतो. गाळणीला सर्वांत अवघड जातात ते सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण. त्याहून मोठे आणि त्याहून लहान कण उलट सहज अडकतात. एन-९५ची चाचणी म्हणूनच या अवघड आकाराच्या कणांवर घेतली जाते आणि त्यातले किमान ९५ टक्के कण त्याने अडवले पाहिजेत अशी अट असते. नावातला ९५ हा आकडा तिथूनच आला आहे.

मास्क दोन बाजूंनी काम करतो

मास्क लावणाऱ्याच्या तोंडातून बाहेर जाणारे तुषार कमी होतात, हे पहिले काम. समोरून येणाऱ्या हवेतले तुषार आत जाण्याआधी काही प्रमाणात अडतात, हे दुसरे काम. साध्या मास्कमध्ये पहिले काम जास्त चांगले होते. एन-९५ नीट बसवला तर दोन्ही कामे चांगली होतात.

दोन्ही बाजूंनी मास्क असेल तर काय होते, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. समजा, एखादा मास्क दोन्ही दिशांनी निम्मेच कण अडवतो. बाधित माणसाने एकट्याने तो लावला तर समोरच्यापर्यंत निम्मे कण पोहोचतील. दोघांनी लावला तर निम्म्याचे निम्मे, म्हणजे फक्त पाव हिस्सा पोहोचेल. मास्क अर्धवट चांगला असूनही दोघांनी मिळून तीन चतुर्थांश वाट अडवली. 'सगळ्यांनी लावावा' या आग्रहामागचे गणित हे आहे. एकट्याने लावलेला मास्क आणि सगळ्यांनी लावलेला मास्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो?

प्रयोगशाळेतले गणित प्रत्यक्ष जगात उतरतेच असे नाही. लोक मास्क हनुवटीवर ओढतात, चहा प्यायला काढतात, घरी आल्यावर लावत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष लोकांवरचे अभ्यास पाहायला हवेत. त्यातले महत्त्वाचे असे:

१) अमेरिकेतले एक सलून. मे २०२० मध्ये मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात केस कापणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांना कोविड झाला होता आणि लक्षणे असतानाही त्या काम करत होत्या. त्या काळात त्यांनी १३९ ग्राहकांना सेवा दिली. सलूनमध्ये कर्मचारी आणि ग्राहक दोघांनीही मास्क लावले होते. नंतर या ग्राहकांवर लक्ष ठेवले गेले. कोणालाही लक्षणे आली नाहीत आणि ज्या ६७ जणांनी चाचणी करून घेतली, त्या सगळ्यांची चाचणी निगेटिव्ह आली. केस कापताना अंतर राखता येत नाही, हे लक्षात घेता ही घटना बोलकी आहे. पण ही एकच घटना आहे, निम्म्याहून अधिक ग्राहकांची चाचणी झालेली नाही आणि मास्क नसते तर किती जणांना लागण झाली असती हे सांगायला तुलना नाही. म्हणून हा पुरावा 'सूचक' म्हणायचा, 'निर्णायक' नाही.

२) डेन्मार्कचा अभ्यास. एप्रिल ते जून २०२० दरम्यान सुमारे ६,००० लोकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाला बाहेर जाताना सर्जिकल मास्क लावायला सांगितले, दुसऱ्याला नाही. महिनाभरात मास्क गटातल्या १.८ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या २.१ टक्के लोकांना लागण झाली. हा फरक इतका लहान होता की तो योगायोगानेही आला असता. 'मास्क निरुपयोगी' म्हणणारे लोक हा अभ्यास नेहमी पुढे करतात. पण त्यात मास्क लावणाऱ्याचे स्वतःचे रक्षण किती होते एवढेच मोजले होते. त्याच्यामुळे इतरांचे किती रक्षण झाले, हे मोजलेलेच नव्हते. शिवाय मास्क गटातल्या निम्म्याहून कमी लोकांनी तो सांगितल्याप्रमाणे नियमित लावला होता.

३) बांगलादेशचा अभ्यास. आपल्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा, कारण तिथली गावे, बाजार आणि एकत्र कुटुंबे आपल्यासारखीच आहेत. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात ६०० गावांतल्या सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांचा यात समावेश होता. इथे माणसांऐवजी गावांचे गट केले. काही गावांत मोफत मास्क वाटले, ते का लावायचे हे समजावले, बाजारात आणि मशिदीत आठवण करून दिली. इतर गावांत यातले काही केले नाही.

परिणाम असा झाला की मास्क नीट लावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. लक्षणांसह झालेल्या, रक्तचाचणीने सिद्ध झालेल्या कोविडचे प्रमाण मास्क वाटलेल्या गावांत सुमारे ९ टक्क्यांनी कमी आढळले. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत ही घट सुमारे ११ टक्के होती आणि त्या गावांतल्या ६० वर्षांवरील लोकांमध्ये सुमारे ३५ टक्के. कापडी मास्क दिलेल्या गावांत मात्र घट इतकी कमी होती की ती खात्रीने सांगता येत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ही घट 'सगळ्यांनी मास्क लावल्याने' झालेली नाही. दर १०० पैकी आणखी सुमारे २९ लोकांनी लावल्याने झालेली आहे. अर्ध्याहून अधिक गाव तेव्हाही मास्कविना फिरत होते.

४) नॉर्वेचा अभ्यास. २०२३ च्या सुरुवातीला सुमारे ४,६०० प्रौढांवर हा अभ्यास झाला. एका गटाला १४ दिवस सार्वजनिक ठिकाणी सर्जिकल मास्क लावायला सांगितले. सर्दी-खोकल्यासारखी लक्षणे मास्क गटात ८.९ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.२ टक्के लोकांनी नोंदवली. फरक स्पष्ट आहे. पण लक्षणे लोकांनी स्वतः सांगितलेली होती आणि आपण मास्क लावतो हे त्यांना माहीत होते, ही या अभ्यासाची मर्यादा.

५) कॉक्रेन आढावा. अनेक अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढणारी कॉक्रेन ही नामवंत संस्था आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिच्या आढाव्यात असे म्हटले गेले की समाजात मास्क लावण्याने फ्लू किंवा कोविडसारख्या आजारात बहुधा फारसा फरक पडत नाही. लगेच 'मास्कचा उपयोग नाही हे सिद्ध झाले' अशा मजकुराचे मेसेज सगळीकडे फिरले. त्यावर मार्च २०२३ मध्ये संस्थेच्या मुख्य संपादकांनीच खुलासा केला की असा अर्थ काढणे चुकीचे आणि दिशाभूल करणारे आहे. लोकांना मास्क लावायला उद्युक्त करणाऱ्या उपायांनी फरक पडतो का, हे त्या आढाव्यात तपासले होते आणि उपलब्ध अभ्यासांवरून ठाम निष्कर्ष निघत नव्हता.

मग अभ्यासांत एकमत का नाही?

कारण औषधाच्या गोळीचा अभ्यास आणि मास्कचा अभ्यास यात मोठा फरक आहे. गोळी घेतली की ती पोटात जाते. मास्क दिला म्हणजे तो लावला असे होत नाही. दिवसभर कामाच्या ठिकाणी मास्क लावून संध्याकाळी घरी बाधित भावासोबत जेवायला बसले, तर लागण घरात होते आणि अभ्यासात मात्र ती 'मास्क गटात' मोजली जाते.

दुसरे असे की गोळीच्या अभ्यासात काहींना खोटी गोळी देता येते. खोटा मास्क देता येत नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला माहीत असते आणि त्यामुळे वागणे बदलू शकते.

तिसरे, मास्कचा फायदा लावणाऱ्यापेक्षा इतरांना जास्त होतो. एकेका माणसाला मोजणाऱ्या अभ्यासात तो फायदा दिसतच नाही.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. 'नीट लावलेला मास्क विषाणू अडवतो का?' याचे उत्तर 'होय' असे बऱ्याच खात्रीने देता येते. 'मास्क लावा असे सांगितल्याने किंवा दंड केल्याने साथ किती कमी होते?' याचे उत्तर मात्र लोक तो किती आणि कसा लावतात यावर अवलंबून असते आणि त्यात अजून मतभेद आहेत. छत्री पावसापासून वाचवते, हे खरे. पण छत्र्या वाटल्याने गावात किती लोक कोरडे राहतील, हे किती जण ती उघडतात यावर ठरते.

दहा टक्के घट म्हणजे काहीच नाही का?

'नऊ-दहा टक्के' ऐकून निराश होऊ नका. साथीचे गणित बेरजेचे नसून चक्रवाढ व्याजाचे असते. समजा, प्रत्येक १०० बाधित पुढे १३० जणांना लागण देतात. असे दहा टप्पे झाले, तर दहाव्या टप्प्यात सुमारे १,३८० नवे बाधित असतील. आता हा फैलाव प्रत्येक टप्प्यावर फक्त १० टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे १०० जणांकडून १३० ऐवजी ११७ जणांना लागण झाली, तर दहाव्या टप्प्यात सुमारे ४८० बाधित असतील. जवळजवळ एक तृतीयांश! हे उदाहरण काल्पनिक आहे. खऱ्या साथीत लोकांचे वागणे आणि प्रतिकारशक्ती बदलत जाते. पण रुग्णालयात खाटा आणि ऑक्सिजन मोजका असतो, तेव्हा एवढ्याशा फरकाचे मोल काय असते, हे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ज्यांनी आपल्या माणसासाठी खाट शोधली, त्यांना वेगळे सांगायला नको.

सुरुवातीला 'मास्क नको' असे का सांगितले होते?

२०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेसह अनेक संस्थांनी निरोगी लोकांना मास्कची गरज नाही असे सांगितले होते. तेव्हा मास्कचा तुटवडा होता आणि ते डॉक्टर-नर्सना मिळणे गरजेचे होते. लक्षणे नसलेली माणसे इतका संसर्ग पसरवतात, हेही पुरते कळलेले नव्हते. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी बनवलेले मास्क वापरण्याचा सल्ला दिला, त्याच आठवड्यात मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला आणि ५ जून २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही आपली भूमिका बदलली. महाराष्ट्रातली सक्ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला उठली.

सल्ला बदलल्याने अनेकांचा विश्वास उडाला आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. 'तुटवडा आहे, म्हणून सध्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळू द्या' असे सरळ सांगायला हवे होते. 'उपयोग नाही' असा संदेश गेला, तो आम्हा वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांनाही नंतर महागात पडला. पण नवी माहिती आल्यावर सल्ला बदलणे यात गैर काही नाही.

कोणता मास्क निवडावा?

• रुमाल, ओढणी, उपरणे: काहीच नसण्यापेक्षा बरे, पण संरक्षण कमी. आजारी माणसाजवळ जाताना यावर भिस्त ठेवू नका.
• कापडी मास्क: घट्ट विणीच्या सुती कापडाचा, दोन-तीन थरांचा असावा. रोज साबणाने धुवून उन्हात वाळवा.
• सर्जिकल मास्क: तीन थरांचा घ्या. एकदाच वापरायचा असतो. ओला झाला किंवा मळला की बदला. धुऊन परत वापरू नका.
• एन-९५: सर्वांत चांगले संरक्षण, पण चेहऱ्यावर घट्ट बसला तरच. हाही धुवू नका आणि त्यावर सॅनिटायझर फवारू नका, त्याने विद्युतभार जातो आणि मास्कची ताकद कमी होते. जपून वापरायचा असेल तर तीन-चार मास्क पाळीपाळीने वापरा आणि मधल्या दिवसांत कागदी पिशवीत ठेवा.
• झडप असलेला मास्क टाळा. त्या झडपेतून तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो. तुम्ही बाधित असाल तर इतरांना त्याचा उपयोग नाही. आपल्या केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्येच याबद्दल सावध केले होते.

मास्क लावण्याची योग्य पद्धत

फट असलेला महागडा मास्क हा नीट बसलेल्या स्वस्त मास्कपेक्षा वाईट ठरू शकतो. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. गालाजवळ फट असेल, तर ती गाळणीतून जाण्याऐवजी तिथूनच आत-बाहेर करेल.

१. आधी हात धुवा.
२. धातूची पट्टी नाकाच्या हाडावर दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा.
३. खालची कड हनुवटीखाली घ्या.
४. जोरात श्वास सोडून पाहा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे हवा येत असेल, चष्म्यावर वाफ धरत असेल, तर मास्क नीट बसलेला नाही.
५. सर्जिकल मास्क सैल होत असेल, तर कानाच्या नाड्यांना मास्कच्या कडेलगत एकेक गाठ मारा आणि बाजूची चुणी आत दुमडा. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने २०२१ मध्ये कृत्रिम खोकल्यावर केलेल्या प्रयोगात साध्या पद्धतीने लावलेल्या सर्जिकल मास्कने ५६ टक्के कण अडवले, तर गाठ मारलेल्या त्याच मास्कने ७७ टक्के. गाठीला पैसे पडत नाहीत.
६. दाट दाढीमुळे एन-९५ घट्ट बसत नाही, हे लक्षात ठेवा.
७. बोलताना मास्क खाली ओढू नका. बोलतानाही तुषार उडतात.

आता, साथ नसताना मास्क केव्हा लावावा?

आज रोज, सगळीकडे मास्क लावण्याची गरज नाही. पण पुढील प्रसंगी जरूर लावा:

• तुम्हाला स्वतःला सर्दी, खोकला, ताप असेल आणि घराबाहेर जाणे किंवा घरातल्यांमध्ये वावरणे टाळता येत नसेल.
• दवाखान्यात, रुग्णालयात किंवा रुग्णाला भेटायला जाताना.
• घरात आजारी माणसाची शुश्रूषा करताना. रुग्ण आणि तुम्ही दोघांनीही लावा, खिडक्या उघड्या ठेवा.
• घरात केमोथेरपी, डायलिसिस, अवयव प्रत्यारोपण झालेली व्यक्ती, तान्हे बाळ किंवा खूप वृद्ध व्यक्ती असेल आणि तुम्हाला शिंका-खोकला असेल.
• तुमचे वय ६० च्या पुढे असेल किंवा दमा, हृदयविकार, मधुमेह असेल आणि फ्लू-कोविडची साथ चालू असताना लोकल, एसटी, लग्नाचा बंद हॉल अशा गर्दीत जायचे असेल. अशा वेळी एन-९५ उत्तम.

क्षयरोग विषाणूने नव्हे तर जीवाणूने होतो, पण तोही हवेतूनच पसरतो. म्हणून क्षयाचे उपचार नुकतेच सुरू झालेल्या रुग्णाने डॉक्टर सांगतील तोपर्यंत मास्क लावणे घरच्यांसाठी फार महत्त्वाचे आहे.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

मास्कमुळे ऑक्सिजन कमी होतो का? निरोगी माणसात नाही. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू तुषारांपेक्षा कितीतरी लहान असतात आणि मास्कमधून सहज ये-जा करतात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तासन्‌तास मास्क लावून उभे असतात. गुदमरल्यासारखे वाटते ते उष्णता आणि ओलाव्यामुळे. मात्र फुप्फुसांचा गंभीर आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून मास्क निवडा.

लहान मुलांना लावावा का? दोन वर्षांखालील बाळाला कधीही लावू नका, श्वास कोंडण्याचा धोका असतो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्ती करू नये. त्याहून मोठ्या मुलांना समजावून, मोठ्यांच्या देखरेखीखाली लावावा. जो स्वतः मास्क काढू शकत नाही किंवा बेशुद्ध आहे, अशा कोणालाही लावू नये.

व्यायाम करताना? मोकळ्या हवेत चालता-पळताना गरज नाही.

मास्कने प्रतिकारशक्ती कमी होते का? मास्क आपल्या शरीराची प्रतिकार यंत्रणा बदलत नाही. लसीकरण वेळेवर करून घ्या.

लावूनही आजारी पडलो, मग काय उपयोग? हेल्मेट घालूनही अपघातात इजा होते, म्हणून आपण हेल्मेट निरुपयोगी ठरवत नाही. मास्क शक्यता कमी करतो, शून्य करत नाही.

मास्क एकटा पुरेसा नाही

लस, खेळती हवा, आजारी असताना घरी थांबणे, हात धुणे आणि मास्क या सगळ्यांना मिळून काम करू द्या. यातला प्रत्येक उपाय थोडा गळका आहे, पण एकावर एक ठेवले की गळती कमी होते. मास्क आहे म्हणून तापात लग्नाला जाणे हा मास्कचा गैरवापर आहे.

शेवटी एवढेच. बांगलादेशच्या अभ्यासात सर्जिकल मास्कचा सर्वांत स्पष्ट फायदा ६० वर्षांवरील लोकांमध्ये दिसला. ज्यांच्यासाठी साधा सर्दी-ताप न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो, अशी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. पुढच्या वेळी तुम्हाला खोकला झाला आणि संध्याकाळी आजीजवळ बसायचे असेल, तेव्हा नियम आहे की नाही, दंड होतो की नाही, याचा विचार करू नका. खिडकी उघडा, मास्क लावा आणि मग बसा.

महत्त्वाची सूचना: हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गोंधळल्यासारखे वागणे किंवा तीन दिवसांहून जास्त ताप असेल, तर मास्कच्या भरवशावर घरी थांबू नका. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.